आतल्या लूपमधला परका हात

१

दिव्या मडावीचा त्रिकोण उमटलाच नाही.

जेवणानंतर इस्तारी पचारे सर एकेका मशीनपाशी जात होते आणि प्रत्येक पडद्यावर तेच दिसत होतं.

A
AB
ABC
ABCD
ABCDE

संगणकाच्या डिप्लोम्याच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न चुकत नाही. एक लूप बाहेर, एक लूप आत. बाहेरचा ओळी मोजतो, आतला त्या ओळीतली अक्षरं छापतो. पोरांनी सकाळी प्रोग्रॅम लिहून सेव्ह करायचा आणि दुपारी बाहेरच्या परीक्षकानं तो चालवून मार्क द्यायचे, अशी पद्धत. गडचांदूरच्या कॉलेजात उभी नोकरी काढलेले पचारे सर दरसाल कुठल्या ना कुठल्या गावाला परीक्षक म्हणून जायचे आणि हा त्रिकोण बघून परत यायचे. यंदा सिंदेवाही. एसटीत बसून गुडघा आखडला होता. हा त्रिकोण छापायला शिकलेली त्यांची किती पोरं आज सिमेंट कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभी आहेत, हा हिशेब त्यांनी कधीच सोडून दिला होता. आता फक्त सही करायची आणि संध्याकाळची गाडी धरायची, एवढंच डोक्यात होतं.

दिव्याच्या मशीनवर त्यांनी बटण दाबलं. त्रिकोणाऐवजी लाल ओळ आली. मशीन म्हणत होतं, टी-एच-ए-एस हे नाव माझ्या ओळखीचं नाही.

"चुकला," सर म्हणाले.

पोरगी शेजारीच उभी होती. सडपातळ, सावळी, ओढणीला मोहाचा आंबूस-गोड वास. सुट्टीत गावी मोहाची फुलं वेचून मग परीक्षेला आलेली असणार. ती पडद्याकडे बघतच राहिली.

"असं नाई होऊ शकत, सर. मी चालवून पायलं होतं. पुरा आला होता."

"सगळेच असं म्हणतात बेटा."

"मी असं लिवलंच नाई."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, आणि तेच सरांना जरा खटकलं. मागून प्रफुल सर पुढे आले. हे इथले शिकवणारे. नागपूरचे, तरुण, कंत्राटी.

"घाई, सर. बोट घसरलं असेल. वर्षभर सांगतोय, लूपला आय आणि जे अशी नावं दे. ही आपली शेतातली नावं देते. बाहेरच्या लूपला तास, आतल्याला दाणा." ते थकल्यासारखे हसले. "दोन्ही लूपला चुकून एकच नाव दिलं असतं, तरी समज आहे म्हणून मी अर्धे मार्क द्यायला लावतो. हे तर चालतच नाही."

"तास म्हंजे नांगराचा तास, वावरातली सरी," दिव्या हळूच म्हणाली. "एका तासात दाने टाकत जायचं. तो सरला का दुसरा तास. मले तसंच समजते."

तिच्या मागे उभ्या असलेल्या गोऱ्या, ठेंगण्या पोरीनं तिचा हात धरला. "जाऊ दे न अक्का. होते असं."

सरांनी मार्काच्या रकान्यावर पेन टेकवलं. मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यांनी फाइलींचं फोल्डर उघडलं. पोरांनी लिहिलेला प्रोग्रॅम एक फाइल असते. मशीन तो वाचून, समजून, त्यातून दुसरी चालती फाइल बनवतं. लिहिण्यात चूक असेल तर नवी चालती फाइल बनत नाही आणि आधीची असेल तर तशीच पडून राहते.

दिव्याच्या फोल्डरमध्ये एक चालती फाइल पडलेली होती.

सरांनी ती उघडली. पडद्यावर A आला, मग AB, मग ABC. त्रिकोण नीट शेवटापर्यंत खाली उतरला.

सरांनी पेनचं टोपण लावलं.

"प्रफुल सर," ते म्हणाले, "पोरगी खरं बोलते आहे. तिचा प्रोग्रॅम चालला होता. नंतर कोणीतरी त्यात हात घातला आहे."

२

प्राचार्य बाई आपल्या खोलीत कपाळ चोळत बसल्या होत्या.

"सर, तिला पास करा न. वाटल्यास चांगले मार्क द्या. पण हे चौकशीचं नका काढू. आधीच पोरं मिळत नाहीत आम्हाला."

"नुसत्या पास होण्याचा प्रश्न आहे का बाई?"

बाईंनी मान हलवली. मग सांगितलं. नागपूरची एक संस्था यंदा या कॉलेजातून एकच विद्यार्थी घेणार होती. राहणं, खाणं, दुसऱ्या वर्षाचं शिक्षण, पुढे काम, सगळं त्यांच्याकडे. प्रॅक्टिकलला जो पहिला, तो जाणार. वर्षभर दिव्याच पहिली होती. तिचे वडील पत्रू मडावी जंगलातल्या गावचे. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच.

"आणि दुसरा कोण?"

"लोकेश. तुमच्याच तालुक्यातला, कोरपन्याकडचा."

सर परत लॅबमध्ये आले. बाहेर पळसाच्या झाडाखाली पोरं घोळक्यानं उभी होती. वीज सकाळपासून येत-जात होती. मशिनी इन्व्हर्टरवर होत्या आणि पंखे बंद. घाम पुसून सर दिव्याच्या खुर्चीत बसले आणि तो प्रोग्रॅम पहिल्यांदा नीट वाचला.

दिव्यानं बाहेरच्या लूपचं नाव इंग्रजी अक्षरांत तास लिहिलं होतं. टी-ए-एस. वर, खाली, सगळीकडे टी-ए-एस. आतल्या लूपच्या ओळीत मात्र जिथं जिथं दाणा हवा, तिथं टी-एच-ए-एस होतं. तेही एकदा नाही, तीनदा. आणि त्याच ओळीच्या मधोमध दिव्याचा स्वतःचा टी-ए-एस धडधाकट बसला होता.

बोट एकदा घसरतं. एकाच ओळीत, नेमक्या जागी, तीनदा घसरत नाही.

कोणालातरी आतल्या दाण्याच्या जागी तास घालायचा होता, हे उघड होतं. दोन्ही लूपना एकच नाव मिळालं की आतला लूप बाहेरच्याची मोजणी गिळून टाकतो आणि संपतच नाही. अक्षरं पडद्यावरून पुरासारखी वाहत राहतात. नवशिक्या पोरांची ही नेहमीची चूक. प्रफुल सर जिला अर्धे मार्क द्यायला लावतात तीच.

पचारे सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणजे हात घालणारा आडदांड नव्हता. आडदांडानं अख्खा प्रोग्रॅमच पुसला असता. याला लूप कळत होता. तास कुठला आणि दाणा कुठला हेही कळत होतं. आणि याला दिव्या नापास व्हायला नको होती. पहिली येऊ नये, एवढंच हवं होतं.

फक्त त्याला तास हा शब्द दिव्यासारखा लिहिता आला नाही.

त साठी टी-एच त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं, ते आठवलं तेव्हा त्यांना बरं वाटलं नाही. त्यांच्याच वर्गात. सीमेवरच्या, तेलुगू शाळेत सुरुवात केलेल्या पोरांच्या पेपरात. लता लिहायचं तर ती पोरं टी-एच घालतात. त्यांच्या लेखी नुसता टी म्हणजे ट. त साठी टी-एच.

कोरपन्याहून तेलंगणाची हद्द ती किती दूर? सायकलवर जाता येते.

सरांनी दारातून हाक मारली. "लोकेश कोण आहे? आत ये."

३

लोकेश उंच, हाडकुळा, आणि आत येतानाच रागावलेला होता.

"मले माहीत होतं सर, माझ्यावरच येनार. दुसरा नंबर माझा न."

"बस. जेवणाच्या सुट्टीत तू लॅबमध्ये आला होतास?"

"आलो होतो. चार्जर राह्यला होता. लॅबच्या अजयभाऊनं पायलं मले, मी काऊन लपवू?"

"आत कोण होतं?"

"कोनीच नाई." तो थांबला. "पन एक सांगू? तुम्हाले खोटं वाटन."

"सांग."

"सारे पडदे काळे झाले होते. कोनी हात नाई लावला का आपोआप झोपतेत ते. दिव्याचा तेवढा चालू होता. मले वाटलं तीच येऊन गेली असन. मी चार्जर घेतला अन् निघालो."

सर त्याच्याकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या अंगावर येईल असा तपशील कशाला जोडेल? पण हुशार खोटारडा तोच जोडतो, हेही त्यांना ठाऊक होतं.

"घरी काय बोलता? तेलुगू येतं?"

"समजते. बोलता येते थोडंबहुत. त्याचा काय संबंध?"

"काही नाही. बाहेर थांब."

लॅबचं दार-कुलूप सांभाळणारा अजय चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्यानं सांगितलं, की पोरं जेवायला गेल्यावर त्यानं दार नुसतं लोटलं होतं. लाइन गेली म्हणून तो मागे इन्व्हर्टरची बॅटरी बघायला गेला. "पानी कमी झालं होतं न सर तिच्यात. ते टाकून आलो. येताना लोकेश दारातून निघून राह्यला होता."

"आणखी कोणी?"

"ते प्रफुल सर फोनवर बोलत व्हरांड्यात हिंडत होते. अन् पोरी बोअरवर बाटल्या भरून राह्यल्या होत्या. आत कोनी गेलं का, ते मी नाई पायलं."

प्रफुल सर जेवताना खरंच मधेच उठून गेले होते. पचारे सरांना ते आठवलं. त्यांनी प्रफुल सरांनाही समोर बसवलं. प्रफुल सरांचा चेहरा उतरला.

"माझ्यावर संशय? सर, ती नागपूरला गेली तर माझंच नाव होणार आहे. माझं कंत्राट जूनमध्ये संपतं. तुम्हाला वाटतं मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन?"

"तिच्या तास-दाण्याचा तुम्हाला राग होता."

प्रफुल सरांनी खुर्ची मागे सरकवली. "राग नव्हता. वैताग होता. वर्गात निम्मी पोरं आय-जे घोकतात आणि पेपरात उलटं लिहितात. ती एकटी समजून लिहिते, आणि मला न विचारता. बाकीच्यांनाही हॉस्टेलवर तीच समजावते, माझ्यापेक्षा बरं." ते उठले. "फोन घरचा होता. आई दवाखान्यात आहे. हवं तर लावून बघा."

सरांनी लावून बघितलं नाही.

खिडकीतून त्यांना दिव्या दिसली. पळसाखाली ती घोळक्यापासून लांब बसली होती. तिच्याजवळ कोणी जात नव्हतं. आरोप कोणावर होईल कळत नसलं, की माणसं ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापासूनही दूर सरकतात. ती गोरी पोरगी तेवढी तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतत होती.

गाडीची वेळ होत आली होती. बाईंचं ऐकून सही करून निघावं, असं सरांच्या मनात येऊन गेलं. दिव्याला मार्क मिळतील, ती नागपूरला जाईल, बाकी कॉलेजचं कॉलेज बघेल. पण मग पोरं लोकेशकडेच बोट दाखवणार होती, आयुष्यभर.

त्यांनी चौघांना आत बोलावलं. लोकेश, प्रफुल सर, अजय आणि बाटलीवाली ती गोरी पोरगी.

४

"तुझं नाव?"

"डिंपल," ती म्हणाली. "दिव्याच्या खोलीत राह्यतो मी. हॉस्टेलवर."

"मला कोणावर आळ घ्यायचा नाही," सर म्हणाले. "मला फक्त कळफलकावर कोणाचा हात कसा चालतो ते बघायचं आहे. मी एक ओळ सांगतो. मराठी ओळ, इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. मोबाईलवर मेसेज करता तशी. एकेकानं आपापल्या मशीनवर. घाई करा, विचार करू नका."

अजयनं कान खाजवला. "मले मोबाईलवर बी नाई जमत सर."

"जमेल तेवढं करा अजयभाऊ."

सरांनी ओळ सांगितली. "तळ्याच्या पाळीवर तीन ताड."

कळफलक खडखडले. अजयचं एक बोट अक्षर शोधत राहिलं. प्रफुल सरांनी दोन श्वासांत संपवून हात मागे घेतले. सर लोकेशच्या मागे जाऊन उभे राहिले. मनात आधीच ठरल्यासारखं झालं होतं, आणि म्हणूनच त्यांनी चष्मा नीट बसवून दोनदा वाचलं.

तळ्याचा त नुसत्या टीनं सुरू झाला होता. तीन नुसत्या टीनं. ताड नुसत्या टीनं.

"शाळा कुठं झाली तुझी?"

"गडचांदूरले. मराठी शाळा. काऊन?"

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात का ठेवला ते लोकेशला कळलं नाही. प्रफुल सरांचाही साधा टी. अजयनं कसंबसं तळ्यापर्यंत आणलं होतं, तेही साध्या टीनं.

मग ते डिंपलच्या मागे गेले.

तिच्या पडद्यावर तळं टी-एचनं सुरू होत होतं. तीन टी-एचनं. ताडही टी-एचनं. ओळ पूर्ण होती, नीटनेटकी, एकही खोडाखोड नाही. आपण काय लिहिलं हे तिला दिसतच नव्हतं. माणसाला स्वतःची सवय दिसत नाही.

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की दुपारी ही पोरगी दिव्याला अक्का म्हणाली होती, तेलुगूत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

"बाकीचे बाहेर जा," ते म्हणाले. "दिव्याला आत पाठवा."

५

"तुझं बालपण कुठं गेलं डिंपल?"

"सिरोंच्याले. मामाकडं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेलुगू शाळेत होतो मी चौथीवरी. मंग मायच्या गावाले आलो."

"ही तुझ्या पडद्यावरची ओळ वाच. आता दिव्याच्या प्रोग्रॅममधली आतल्या लूपची ओळ वाच."

तिनं पहिली वाचली. दुसरी वाचायला मान वर केली आणि तशीच राहिली. दिव्या दारात उभी होती.

सर सावकाश बोलत गेले. आवाजात धार नव्हती, दमणूक होती. "ज्यानं हे केलं त्याला माहीत होतं, की दाण्याच्या जागी तास घातला की लूप थांबत नाही. त्याला हेही माहीत होतं, की प्रफुल सर त्या चुकीला अर्धे मार्क द्यायला लावतात. म्हणजे दिव्या पास होणार, पण पहिली येणार नाही. तू जर तास तिच्यासारखा लिहिला असतास, तर मी बटण दाबताच मशीननं ती चुकीची फाइल मुकाट मान्य केली असती. नवी चालती फाइल बनली असती, जुनी मिटली असती, आणि दिव्या खरं बोलते हे मला कधी कळलंच नसतं. तू तो तुझ्या शाळेतल्यासारखा लिहिलास. मशीनला ते नाव ओळखता आलं नाही, म्हणून जुनी फाइल तशीच टिकून राहिली. बोअरवर बाटल्या भरताना तू मधे आत आलीस. तू बाहेर पडलीस आणि लगेच लोकेश आला. म्हणून त्याला पडदा उजळलेला दिसला."

डिंपलनं नाही म्हटलं नाही.

"तुले जागा पायजे होती काय?" दिव्यानं दारातूनच विचारलं. "माझी?"

"मले कोन घेते नागपूरले!" डिंपल एकदम म्हणाली. "माझा तं सातवा-आठवा नंबर."

"मंग काऊन?"

"तू गेली का मले घरी नेतेत." आता तिचा आवाज फुटला. "मामा म्हनला होता न मायले, मडाव्याची पोरगी संगं आहे म्हनून ठेवतो. एकटी पोरगी हॉस्टेलवर नाई ठेवत. तो आला होता गेल्या महिन्यात, तू नव्हती तवा. म्हनला, तुझी मैतरीन गेली का सामान बांधजो. पोरगा बी पाहून ठेवला त्यानं. मले वाटलं, दोन-चार मार्क कमी पडतील तुले. लोकेश जाईन. तू अजून एक वर्स राह्यशीन. तुझं नुकसान..." तिला पुढचा शब्द सापडला नाही. "तू तं कुठी बी पुढं जाशीन अक्का. तुले सारंच येते."

दिव्या हलली नाही. सरांना वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "तास अन् दाना तुले मीच शिकवलं होतं न."

पंख्याला झटका बसला, लाइन आली, आणि डोक्यावर पाती कुरकुरत फिरू लागली.

पचारे सरांनी डिंपलला दिव्याच्या खुर्चीत बसायला सांगितलं. "तू बिघडवलं. तूच नीट कर."

तिनं डोळे पुसले. सरांना वाटलं होतं की ती चाचपडेल. ती चाचपडली नाही. आतल्या ओळीतले तिन्ही शब्द तिनं खोडले, तिन्ही ठिकाणी दाणा घातला आणि प्रोग्रॅम चालवला. त्रिकोण उमटला. मग, कोणी सांगितलं नसताना, तिनं ओळींची बाजू उलटी केली. मोठ्या ओळीपासून लहान ओळीकडे. तोही त्रिकोण बरोबर आला, डोक्यावर उभा असल्यासारखा.

"हे घोकून येत नाही," सर म्हणाले.

"अक्कानं शिकवलं."

त्यांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. दिव्याला पूर्ण मार्क लिहिले. डिंपलच्या नावासमोर पेन थांबलं. नियम त्यांना तोंडपाठ होता. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केली तर परीक्षाच रद्द, पुढचं सालही बंद. तेवढं लिहिलं तर ती आपसूक घरी बसली असती, मामाला यायचीही गरज नव्हती.

"तुझं आजचं प्रॅक्टिकल मी धरत नाही," ते शेवटी म्हणाले. "शून्य. पुढच्या परीक्षेला परत द्यायचं, नव्या परीक्षकासमोर. का धरलं नाही ते बाईंना मी तोंडी सांगेन, आणि लोकेशला तू स्वतः सांगायचंस, सगळ्या पोरांसमोर. आत्ता. त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं आहे."

डिंपल उठली. दारात दिव्यापाशी ती थबकली. दिव्यानं तिला वाट दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

बाहेर पळसाखाली डिंपल काय बोलली ते सरांना ऐकू आलं नाही. घोळका एकदम शांत झाला, एवढंच कळलं. मग लोकेशचा आवाज आला, मोठा, चिडलेला. मग तोही थांबला.

६

मूल गावाकडे जाणारी गाडी उशिरा आली. स्टँडवर धानाच्या कोंड्याची पोती घेऊन माणसं चढत होती. सरांनी गुडघा सांभाळत मधली एक सीट धरली आणि डोळे मिटले. खून नाही, दरोडा नाही. पाच ओळींचा एक त्रिकोण. तरी त्यांना दिवसभर दगड फोडल्यासारखं झालं होतं. खरं काय ते शोधून काढलं, आणि त्यानं एका पोरीचं भलं झालं तर दुसरीचं नुकसान. याला यश म्हणायचं का, ते त्यांना ठरवता येईना.

"सर, बसू का?"

दिव्या होती. पाठीवर पिशवी. वाटेतल्या फाट्यावर उतरून ती गावाला जाणार होती. मोहाचे दिवस, घरी हात कमी.

ती बसली. गाडी सुटली. गाव मागे पडून जंगल सुरू झालं. सरांनीच विचारलं.

"काय ठरवलंस? जाणार न नागपूरला?"

"जातो न. काऊन नाई जानार?"

"आणि डिंपल?"

दिव्या खिडकीबाहेर बघत राहिली. "मी तिले माफ नाई केलं, सर. मले नाई जमत एवढ्या लवकर. एका ताटात जेवत होतो आम्ही. तिनं तोंडावर सांगतलं असतं तं काई तरी केलं असतं दोघींनं मिळून. तिनं माझ्या फाइलमंदी हात घातला." ती थांबली. "निघताना तिच्या मामाले फोन केला मी."

सर दचकले. "काय सांगितलंस?"

"म्हटलं, मामाजी, यंदा डिंपलचा एक पेपर राह्यला आहे. परत द्या लागते. मी आहो इथी, तिचा अभ्यास करून घेतो. तुम्ही काळजी नोका करू."

"पण तू तर इथं नसणार."

"नसनार."

"आणि त्याला कळलं तर?"

"कळन तवा कळन," दिव्या म्हणाली. "सिरोंचा काई जवळ नाई. तवरी तिचं वर्स निघून जाईन. फोन मले येते, मी उचलत जाईन. इथूनच बोलतो म्हनन."

सरांना काहीतरी म्हणायचं होतं. हे खोटं आहे, हे फार दिवस टिकणार नाही, असं काहीतरी. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. चेहऱ्यावर राग तसाच होता, जरासुद्धा निवळलेला नव्हता.

फाटा आला. कंडक्टरनं घंटी मारली. ती उठली, दोन्ही हातांनी पिशवी सावरली.

"तिले नाई सांगतलं मी हे," उतरता उतरता ती म्हणाली. "दोन दिवस रडू द्या तिले. मंग सांगतो."